खोटा झरोका : अमेरिकी ‘मसल कार’ आणि स्मरणरंजन

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दासाठी मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला आणि तो रूढ होताना मूळ शब्दातला अर्धा ऐवज वाटेतच गळून पडला, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हा शब्द घडवला, तो एका रोगाचे नाव म्हणून. घरापासून दूर राहणारी स्विस माणसे ज्या आजाराने झुरत, तो हा आजार. मराठी शब्दात मात्र रोग नाही, घर नाही आणि वेदनाही नाही. आहे ते स्मरण आणि त्याचे रंजन. भाषांतर म्हणून हा शब्द उणा आहे, असे मी वर्गात अनेकदा सांगत आलो आहे, आणि त्या अर्थी ‘स्मृतिकातरता’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. पण एका गोष्टीला ‘स्मरणरंजन’ हा शब्द जितका नेमका बसतो तितका इंग्रजी शब्दही बसत नाही. ती गोष्ट म्हणजे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकी मोटार-कंपन्यांनी जुन्या ‘मसल कार’च्या रूपात बाजारात आणलेल्या नव्या गाड्या.

मराठी शिकवणाऱ्याने मोटारींविषयी का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. रोलाँ बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये सिट्रोएन डीएस या गाडीवर लिहिताना मोटारीला गॉथिक कॅथीड्रलच्या पंक्तीस बसवले होते, तेव्हापासून तरी या प्रश्नाचे उत्तर देण्याचे ओझे आपल्यावर राहिलेले नाही. शिवाय आंतरसंहितात्मकता, अनुकृती, अवतरण, परंपरा आणि नवता हे शब्द आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून इतके झिजवले आहेत की, पत्र्यावर आणि रबरावर घासून त्यांची धार पाहणे त्यांच्याही हिताचे आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९६४ साली पॉन्टियॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे मोठे व्ही-८ इंजिन बसवून दिले. जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमानुसार एवढ्या गाडीत एवढे इंजिन चालत नव्हते. म्हणून ती वेगळी गाडी न म्हणता जादा पैसे मोजून घ्यायचा ‘जीटीओ’ नावाचा संच म्हणून विकली गेली. मध्यम देह, बेसुमार ताकद आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाला परवडेल अशी किंमत, ही मसल कारची व्याख्या येथून सुरू होते. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची मस्टँग आली. फाल्कन या अगदी साध्या, घरगुती गाडीच्या सांगाड्यावर लांब बॉनेट आणि आखूड पाठ असा देखणा देह चढवलेली ही गाडी पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक विकली गेली. (काटेकोर शौकीन मस्टँगला मसल कार न म्हणता ‘पोनी कार’ म्हणतात. जातींचा आग्रह त्या जगातही आहे, असो.) मग १९६७ ची शेव्हरोले कॅमरो आली, १९७० ची डॉज चॅलेंजर आली आणि त्यानंतर लगेच हे सारे मावळू लागले. विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७३ साली तेलाची कोंडी झाली. १९७४ ची ‘मस्टँग २’ पिंटो या छोट्या गाडीच्या सुट्या भागांवर उभी होती आणि त्या वर्षी अमेरिकेत तिला व्ही-८ इंजिन मिळतच नव्हते. उण्यापुऱ्या दहा वर्षांचा हा खेळ.

तीसेक वर्षांनंतर या दशकाचे पुनरागमन झाले. वातावरण आधी तयार झाले होते. १९९८ ची फोक्सवॅगनची नवी बीटल, २००१ ची बीएमडब्ल्यूची मिनी, २००२ ची फोर्ड थंडरबर्ड या गाड्यांनी गतकाळ हा विकण्याजोगा माल असल्याचे दाखवून दिले. नव्या बीटलच्या आरेखनात ज्यांचा मोठा वाटा होता ते जे मेज १९९७ मध्ये फोर्डकडे आरेखनप्रमुख म्हणून आले. त्यांच्या कामाचे २००२ साली लॉस एंजेलिसच्या समकालीन कलेच्या संग्रहालयात प्रदर्शन भरले आणि त्याचे नावच ‘रेट्रोफ्यूचरिझम’ होते. मग २००५ ची मस्टँग थेट साठच्या दशकाच्या उत्तरार्धातला चेहरा लावून आली. जानेवारी २००६ मध्ये डेट्रॉईटच्या एकाच प्रदर्शनात चॅलेंजर आणि कॅमरो या दोघींचे नमुने मांडले गेले, आणि अनुक्रमे २००८ व २००९ मध्ये त्या रस्त्यावर उतरल्या.

या गाड्यांतल्या एका बारीक तपशिलाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. २००५ च्या मस्टँगच्या कुशीवर, दारापासून मागच्या चाकाकडे जाणारी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी एक खाच आहे. वारा आत घेणाऱ्या झरोक्याचा ती भास निर्माण करते. प्रत्यक्षात तेथून काहीही आत जात नाही. ही खाच १९६४ च्या मूळ मस्टँगवरून घेतलेली आहे, म्हणजे हे अवतरण आहे, हे उघड आहे. पण मूळ मस्टँगवरही तो झरोका खोटाच होता! तिचे इंजिन पुढे, मागच्या चाकांशी वाऱ्याचे काहीच काम नव्हते. मग तो तेथे आला कोठून? १९६२ साली फोर्डने ‘मस्टँग १’ नावाची दोन आसनांची एक प्रायोगिक गाडी बनवली होती. तिचे इंजिन चालकाच्या मागे होते आणि कुशीवरच्या झरोक्यांतून रेडिएटरना खरोखर हवा मिळत असे. ती गाडी बाजारात कधीच आली नाही. तिचे इंद्रिय तेवढे दुसरीच्या अंगावर दागिना म्हणून राहिले आणि तो दागिना चाळीस वर्षांनी तिसरीने ‘वारसा’ म्हणून धारण केला.

बोद्रियारने मूळ नसलेल्या प्रतीविषयी जे लिहिले, ते विद्यार्थ्यांना समजावताना आपण डिस्नेलँडचे ठरीव उदाहरण देतो. माझ्या मते हा झरोका त्याहून चांगले उदाहरण आहे, कारण यात मूळ होते, फक्त ते फारसे कोणी पाहिले नव्हते. लोकांना स्मरण आहे ते प्रतीचे. पेट्रोलच्या झाकणाचीही हीच कथा. साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये मागच्या दोन दिव्यांच्या मधोमध जे गोल झाकण होते तेथून खरोखर पेट्रोल भरत असत. २००५ च्या गाडीत त्याच जागी तशीच गोल चकती आहे, मात्र पेट्रोल भरण्याचे तोंड बाजूला आहे. चकती काढली तर गाडीचे काही अडत नाही. पण ती काढली असती तर ती ‘मस्टँग’ राहिली असती का, हा प्रश्न फोर्डच्या आरेखनकारांना पडला असणार आणि त्याचे उत्तर त्यांनी नकारार्थी दिले. अलंकाराशिवाय काव्याचे काव्यत्व टिकते का, या आपल्याकडच्या जुन्या वादात ही चकती सहज शिरू शकेल.

येथे कोणी म्हणेल, जुन्या घाटात नवे काव्य लिहिण्यात वाईट काय आहे? काहीच नाही. मर्ढेकरांनी १९४७ च्या ‘कांही कविता’मध्ये अभंगाचा आणि ओवीचा घाट घेतला, तो यंत्रयुगातल्या महानगरी माणसाचे बोलणे बोलण्यासाठी. घाट जुना, पण त्यातून वारा वाहत होता. त्या घाटाची मूळ श्रद्धा आणि नव्या आशयातली पोकळी यांचे घर्षण हेच त्या कवितेचे इंधन होते. याउलट संतकवितेतली चार शब्दकळा उसनी आणून, ‘माउली’ आणि ‘पंढरी’ची चकती मधोमध ठोकून लिहिलेले जे अभंग विशेषांकांतून दरवर्षी छापले जातात, त्यांत घाट असतो, घर्षण नसते. परंपरा वारशाने मिळत नाही, ती कष्टाने मिळवावी लागते, हा एलियटचा १९१९ चा मुद्दा आपण सगळेच शिकवतो. पण कष्ट म्हणजे नेमके काय, हे क्वचितच सांगतो. मला वाटते, त्याचे उत्तर पुन्हा त्याच झरोक्यात आहे. १९६६ साली कॅरल शेल्बी यांच्या कंपनीने मस्टँगवरून तयार केलेल्या जीटी ३५० या गाडीत कुशीवर खरे झरोके बसवले आणि त्यांतून मागच्या ब्रेकांना थंड हवा पोचवली. जेथे खोटा दागिना होता तेथे पुन्हा इंद्रिय तयार झाले. अनुकृती आणि परंपरा यांतला फरक मला एवढाच दिसतो, आणि तो बाहेरून पाहून कळत नाही. हात घालून पाहावा लागतो.

नव्या गाड्या निव्वळ अनुकृती आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे त्यांना राहताही आले नाही. १९७० ची चॅलेंजर मधल्या खांबाविना होती. दोन्ही काचा खाली केल्या की कुशीवर पुढून मागेपर्यंत एकच मोकळा अवकाश उरे. २००६ च्या प्रदर्शनातला नमुनाही तसाच होता. पण विक्रीच्या गाडीत मध्ये खांब आला, आणि तो दिसू नये म्हणून काळ्या रंगात दडवला गेला. कॅमरोचेही तेच झाले. बाजूच्या धडकेपासून आणि छत चेपण्यापासून संरक्षण देणारे नियम मधल्या काळात कडक झाले होते. म्हणजे वृत्त जुने, पण मात्रा मोजणारा नवा. त्याला साठच्या दशकातली सूट मान्य नव्हती. अमेरिकेत १९७२ या एका वर्षात रस्त्यांवर ५४ हजारांहून अधिक माणसे मेली होती. त्या मोकळ्या, खांबाविना अवकाशाची किंमत या आकड्यात कोठेतरी आहे. स्मरणरंजनाने खांब काळा रंगवला, काढला नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

दुसरी गंमत आकाराची. जुन्या चॅलेंजरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ११० इंच होते, नवीचे ११६. चाके मोठी, काचा अरुंद, कंबर उंच. जुनी आणि नवी शेजारी उभ्या केल्या की जुनी अंग चोरून उभी असल्यासारखी, जवळजवळ नाजूक दिसते, आणि पाहणाऱ्याचा विरस होतो. लहानपणीची शाळा मोठेपणी लहान वाटते तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे कारखान्याने आठवणीच्या मापाने शाळा पुन्हा बांधून दिली. नवी चॅलेंजर जुन्या चॅलेंजरसारखी दिसत नाही, तिच्या आठवणीसारखी दिसते. आणि ती आठवणही बहुधा रस्त्यावरची नसून पडद्यावरची असते. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पळवलेली हिरवी मस्टँग, १९७१ च्या ‘व्हॅनिशिंग पॉइंट’मधली पांढरी चॅलेंजर. फोर्डने २००१, २००८ आणि २०१९ अशा तीन वेळा ‘बुलिट’ नावाची मस्टँग विकली. मूळ चित्रपटातल्या गाडीवर जानेवारी २०२० मध्ये ३४ लाख डॉलरची बोली लागली. फ्रेडरिक जेमसनने ‘अमेरिकन ग्राफिटी’सारख्या स्मरणरंजक चित्रपटांविषयी अशी तक्रार केली होती की, ते इतिहास दाखवत नाहीत, इतिहासाची चमकदार पृष्ठे दाखवतात. गाड्यांच्या बाबतीत तर तो चमकदार पृष्ठभाग हातात घेऊन पुसताही येतो.

आता जे स्मरणातून गळले त्याविषयी. १९७० ची चॅलेंजर जेथे बनत असे, त्या डेट्रॉईटलगतच्या हॅमट्रॅमॅक येथील ‘डॉज मेन’ कारखान्यात मे १९६८ मध्ये कामगारांनी उत्स्फूर्त संप केला होता. जुळणीच्या पट्ट्याचा वेग वाढवला जात होता आणि तो वाढवणाऱ्यांना पट्ट्यावरचे, त्यातही कृष्णवर्णीय कामगारांचे, हाल दिसत नव्हते. त्यातून ‘ड्रम’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, डॉजमधल्या कृष्णवर्णीय कामगारांची क्रांतिकारी संघटना उभी राहिली. आदल्याच वर्षी, जुलै १९६७ मध्ये, डेट्रॉईटच्या दंगलीत ४३ माणसे मेली होती. चॅलेंजरच्या वेगाविषयी इतके काव्य झाले, पण ज्या पट्ट्याच्या वेगाने ती जन्मली त्याचे स्मरण कोणाला रंजक वाटले नाही. डॉज मेन १९८० मध्ये बंद पडला. पहिली कॅमरो ओहायोतल्या नॉरवुडला आणि कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाईसला बनत असे. नॉरवुड १९८७ मध्ये बंद झाला, व्हॅन नाईस १९९२ मध्ये. २००९ साली कॅमरो परतली ते जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली तेच वर्ष. आणि परतली ती ओहायोला नव्हे, तर कॅनडातल्या ओशावाला, ऑस्ट्रेलियातल्या होल्डनने विकसित केलेल्या सांगाड्यावर. नवी चॅलेंजरही कॅनडातल्या ब्रॅम्प्टनची. २०१० च्या एका जाहिरातीत जॉर्ज वॉशिंग्टन चॅलेंजर चालवत ब्रिटिश सैन्यावर चालून जातो. ज्या भूमीने तेव्हा इंग्लंडच्या राजाची साथ सोडली नव्हती, तेथे बनलेल्या गाडीत बसून! जाहिरात करणाऱ्यांना हा विनोद अभिप्रेत नसावा.

घर हरवलेल्यांसाठी होफरने शब्द घडवला होता. नॉरवुडच्या कामगाराचे घर खरोखर हरवले होते. त्याच्या वाट्याला स्मृतिकातरता आली. स्मरणरंजन मिळाले ते ऐपत असलेल्या गिऱ्हाइकाला. साठच्या दशकातली मस्टँग २,३६८ डॉलरपासून मिळे आणि तिचा ग्राहक तरुण होता. तिला पाठीमागे पाहण्याचे कारण नव्हते. लांब बॉनेटचे प्रमाण तिनेही लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क २ सारख्या धनिकांच्या गाड्यांत आधी रुजलेले उचलले, हे खरे. पण ते उचलले पुढे जाण्यासाठी, श्रीमंतांची चाल साध्या माणसाच्या आवाक्यात आणण्यासाठी. तिच्या नक्कलेतली मला सर्वांत मोठी विसंगती हीच वाटते. आरेखनकारांनी तिच्या अंगावरचे सगळे काही उचलले आणि तिची भूतकाळाविषयीची बेपर्वाई तेवढी मागे ठेवली.

पण या हिशेबात न बसणारा एक माणूस आहे, आणि त्याच्यामुळे हा लेख मला सोपा करता येत नाही. २००५ च्या मस्टँगचे मुख्य अभियंता हाऊ थाय-टँग हे व्हिएतनामी. १९७१ साली, पाच वर्षांचे असताना, सायगावमध्ये अमेरिकी सैनिकांच्या करमणुकीसाठी आणलेली शर्यतीची मस्टँग त्यांनी पाहिली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९७५ साली त्यांचे कुटुंब निर्वासित म्हणून अमेरिकेत आले. पुढे त्याच गाडीचे नवे रूप घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले. या स्मरणात युद्ध आहे, मागे राहिलेले घर आहे, आणि तरीही गाडीविषयीचे निर्भेळ आकर्षणही आहे. स्व्हेतलाना बॉयम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात गतकाळाची पुनःस्थापना करू पाहणारी आणि गतकाळाविषयी चिंतन करणारी अशा दोन प्रकारच्या स्मृतिकातरता सांगितल्या. थाय-टँग यांची आठवण या दोहोंपैकी कोणत्या कप्प्यात घालावी, हे मला ठरवता आलेले नाही. ती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस तर अजिबात होत नाही. विकल्या गेलेल्या लाखो गाड्यांपैकी किमान एकीच्या घडणीत ‘वेदना’ हे दुसरे पद शिल्लक होते, एवढे नोंदवून पुढे जातो.

पुढचा टप्पा आवाजाचा. २०१५ च्या मस्टँगमध्ये छोट्या इकोबूस्ट इंजिनाचा आवाज पुरेसा भारदस्त वाटेना, म्हणून गाण्याच्या ध्वनिक्षेपकांतून तो आत वाढवून ऐकवण्याची सोय केली गेली. इंजिन खरे, आवाजही त्याचाच, पण पार्श्वगायनासारखा. ऑगस्ट २०२२ मध्ये डॉजने विजेवर चालणाऱ्या चार्जरचा नमुना दाखवला, तेव्हा पार्श्वगायकाला गायकच उरला नाही. ज्या गाडीत स्फोट होत नाही, धूर निघत नाही, तिला त्यांनी ‘एक्झॉस्ट’ बसवला, १२६ डेसिबलपर्यंत गर्जना करणारा. त्याचे नाव ‘फ्रॅट्झॉनिक’. १९६२ पासून १९७६ पर्यंत डॉजचे जे त्रिदल चिन्ह होते त्याला कंपनीत ‘फ्रॅट्झॉग’ म्हणत, आणि हा शब्द कोणीतरी निव्वळ गंमत म्हणून रचला होता. त्याला काहीही अर्थ नव्हता. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला एवढे उघड दान क्वचितच मिळते. अर्थहीन नावाच्या चिन्हावरून नाव घेतलेला, नसलेल्या धुराचा, घडवलेला आवाज. याच गाडीच्या नाकाशी मात्र एक खरी पोकळी आहे. जुन्या चार्जरचा सपाट चेहरा राखून वारा बॉनेटखालून पार वाहून जावा अशी ती रचना. शेल्बीच्या झरोक्याची ही दूरची नात. एकाच देहात इंद्रिय आणि दागिना असे शेजारी नांदतात, हे पाहून मला डॉजच्या आरेखनकारांविषयी एकदम निकाल देता येईना. (पुढे त्याच देहात सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिनही बसवले गेले, म्हणजे आवाजाला अखेर गळा मिळाला.)

चॅलेंजर आणि कॅमरो यांचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले. दोघींनीही शेवटपर्यंत तोच जुना चेहरा मिरवला. नवे काही म्हणायचे असेल तर काय, हे त्यांना सुचले नाही, किंवा सुचू दिले गेले नाही. चॅलेंजर तर पंधरा वर्षे जवळजवळ त्याच रूपात विकली गेली, मूळ गाडीच्या आयुष्याच्या तिप्पट. म्हणजे साठीत शिरणाऱ्यांची आठवण म्हणून आलेली ही गाडी तोवर दुसऱ्या एका पिढीची स्वतःची, पहिल्या हाताची आठवण झाली होती. मस्टँग तेवढी टिकली. २०१५ च्या आवृत्तीत तिने अवतरणचिन्हे बरीचशी पुसली, मागचा अखंड आस टाकून दोन्ही चाकांना स्वतंत्र निलंबन दिले आणि प्रथमच कारखान्यातून उजव्या हाताच्या सुकाणूसह निघून आपल्याकडेही २०१६ मध्ये विक्रीला आली. मागचे तीन उभे दिवे तिने ठेवले आणि कुशीवरची खाच पुष्कळच उथळ केली. मधली गोल चकती मात्र जागेवरच राहिली.